स्लॅबचा जबाब

सत्र न्यायालयाने रेणुका चिलवेरीचा अर्ज मंजूर केला, तेव्हा बिल्डरचे वकील देगावकर उभे राहून म्हणाले, "मग उद्या विटांनाही शपथ द्या." न्यायाधीशांनी त्यांना बसायला सांगितलं. देगावकर बसले, पण बसताना रेणुकाकडे बघून हसले. त्या हसण्याचा तिला इतका संताप आला की निकाल आपल्या बाजूने लागलाय हेही ती क्षणभर विसरली.

हे २०४० साल होतं, पण खटल्याचं मूळ सहा वर्षं मागे होतं. सोलापूरच्या दक्षिण टोकाला शुभ्रकमल नावाची सात मजली सोसायटी. बिल्डर धनराज अक्कलवाडे. रेणुका त्यांच्याकडे गुणवत्ता तपासणीची इंजिनिअर होती. कुठलाही स्लॅब तिच्या सहीशिवाय ओतायचा नाही, असा नियम. पाचव्या मजल्याचा स्लॅब ११ मे २०३४ रोजी ओतला. साडेतीन वर्षांनी, डिसेंबरातल्या एका सकाळी, त्या मजल्यावरची एक बाल्कनी भिंतीपासून तुटून खाली गेली. स्नेहल तोळनुरे नावाची सत्तावीस वर्षांची मुलगी तेव्हा बाल्कनीत कपडे वाळत घालत होती.

आरोपी दोन होते, रेणुका आणि अक्कलवाडे. अक्कलवाडेंचं म्हणणं सरळ होतं. तपासणी बाईंची, स्लॅबच्या परवानगीच्या कार्डावर सही बाईंची, मी त्या दिवशी साइटवर नव्हतोच. रेणुकाचं म्हणणं तितकंच सरळ होतं. मी काम थांबवायला सांगितलं, जिना उतरून खाली आले आणि माझ्या मागे त्यांनी ओतलं. सही दुसऱ्या दिवशी दमदाटी करून घेतली.

तिच्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस होता, स्नेहलचे वडील. मल्लिनाथ तोळनुरे हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. घटनेनंतर तिसऱ्या दिवशी रेणुका त्यांच्या घरी गेली होती आणि बाल्कनी का पडली हे तिने त्यांना समजावून सांगितलं होतं. "सर, बाल्कनीला खालून आधार नसतो. ती लोंबकळते, म्हणून तिच्यात ताण वरच्या बाजूला येतो. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. तो सोसायला सळ्यांची जाळी वर हवी. ती वर राहावी म्हणून खाली सळईच्याच छोट्या खुर्च्या ठेवतात. माणसं वरून चालली, खुर्च्या दबल्या, जाळी खाली बसली, की सळ्या असून नसल्यासारख्या. मी हे पाहिलं होतं. मी थांबवलं होतं." तोळनुरे सरांनी त्या दिवशी तिला चहा दिला होता. पुढची तीन वर्षं ते प्रत्येक तारखेला तिच्या शेजारी बसले. सोसायटीतले लोक त्यांना म्हणाले, पोरीला मारणाऱ्या बाईजवळ बसता? ते म्हणायचे, मारणारा पलीकडे बसलाय.

आणि आता स्लॅबचाच जबाब घ्यायची परवानगी मिळाली होती.

त्या काळात सिमेंटमध्ये साक्षीकण मिसळणं सक्तीचं झालेलं होतं. मोहरीएवढा दाणा, वर चिनीमातीचं कवच, आत एक स्फटिक आणि थोडी स्मृती. सिमेंटमध्ये पाणी पडलं की ते तापतं, आणि त्या उष्णतेवरच दाणा चालतो. सात-आठ दिवसांत काँक्रीट थंड पडतं आणि दाणा कायमचा झोपतो. पण जागेपणी जे टिपलं ते शंभर वर्षं टिकतं. तापमान, ओल आणि कंपनं. कंपनं एवढ्यासाठी, की मजुरांनी काँक्रीट नीट बसवणारा व्हायब्रेटर सगळीकडे फिरवला की नाही ते पुढे कळावं.

आवाजाचा विचार तेव्हा कुणीच केला नव्हता. एक दाणा सेकंदातून मोजक्याच वेळा नोंद घेतो, तेवढ्यातून बोलणं काय उमगणार? पण एका स्लॅबमध्ये ऐंशी हजार दाणे असतात आणि प्रत्येकाची नोंद घ्यायची वेळ दुसऱ्यापेक्षा केसभर वेगळी. भरल्या सभागृहात प्रत्येक श्रोत्याला भाषणातलं एकच अक्षर ऐकू यावं, पण प्रत्येकाला निराळं, तसं हे. सगळ्यांची अक्षरं क्रमाने मांडली की भाषण उभं राहतं. पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत डॉ. तन्वीर मुजावर यांनी ही मांडणी करणारी पद्धत शोधली आणि दोन वर्षांत ती कायद्यातही आली. बिल्डरांच्या संघटनेने आकांडतांडव करून एवढं मात्र पदरात पाडून घेतलं, की नोंद आधी अर्जदाराने एकट्याने ऐकायची. आठ दिवसांत त्याला अर्ज मागे घेता येईल, आणि घेतला तर नोंद सीलबंद होईल.

शुभ्रकमलच्या बाल्कनीचा चुरा झाला होता. पण तिला लागून असलेल्या हॉलचा स्लॅब शाबूत होता. बाल्कनीवर वाद झाला तेव्हा तो ओतून चार तास झाले होते. तो घट्ट होत आला होता, तापलेला होता, जागा होता.

"सर, तुम्ही चला माझ्याबरोबर," रेणुका तोळनुरे सरांना म्हणाली. "एकटीने ऐकायची मला गरज नाही."

*

डॉ. मुजावरांनी दोघांना खुर्च्या दिल्या. "सुरुवातीला खरखर आहे," ते म्हणाले. "वेळ दुपारी बारा चाळीस."

खरखरीतून पावलं ऐकू आली. मग सळ्या बांधणाऱ्या फिटरचा आवाज. इस्माईलचा. तो दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेला होता.

"मॅडम, बाल्कनीची वरची जाळी बसली ना खाली. खुर्च्या दबल्यात सगळ्या. माणसं चालली वरनं."

"किती?" हा तिचा आवाज.

"चार बोटं. उचलून नव्या खुर्च्या टाकतो की. दोन तास द्या मला."

"थांब. हात लावू नका कुणी. पंप बंद करा."

रेणुकाने सरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते. ती उठायलाच निघाली होती, पण डॉक्टर म्हणाले, "अजून आहे."

पुन्हा तिचाच आवाज, आता जरा दूर. फोनवर बोलत असावी. "साहेब, बाल्कनीची जाळी दबलीय. थांबवलंय मी... हो, काँक्रीटच्या तीन गाड्या गेटवर आहेत... माहितीये, माल उन्हात घट्ट होऊन मरेल... फिटरचं ऐकून नाही साहेब, मी स्वतः बघितलंय... नाही, तसं नाही... नाही, म्हणजे... हो... बरं."

चार सेकंद काहीच नाही. मग अगदी जवळून, स्वच्छ.

"इस्माईल, राहू दे. ओता."

"मॅडम, पण..."

"ओता म्हटलं ना!"

मग पंपाची घरघर. डॉक्टरांनी ती बंद केली.

रेणुकाला पहिल्यांदा वाटलं, हे बनावट आहे. मग तिला तो 'ना' ऐकू आला. चिडली की शेवटचा शब्द ती असाच ताणायची. कॉलेजात मैत्रिणी तिची त्यावरून नक्कल करायच्या. जिना उतरल्याचं तिला आठवत होतं. उन्हात तापलेलं लोखंडी कठड्याचं टोक हाताला चटकलं होतं, तेही आठवत होतं. मधले हे दोन शब्द कुठे गेले? ते तिने लपवले नव्हते. ते तिच्याकडे नव्हतेच.

तिच्याकडे न बघता तोळनुरे सरांनी डॉक्टरांना विचारलं, "यात पुढचंही असेल ना? स्नेहल रोज संध्याकाळी हॉलमध्ये गाणं म्हणायची. दोन वर्षं म्हणत होती."

डॉक्टरांनी खाली बघितलं. "नाही सर. दाणे सात दिवसच जागे असतात."

"म्हणजे माझ्या मुलीचं यात काहीच नाही." सर उठले. "नुसत्या या बाई आहेत."

"सर, मला खरंच..."

"तीन वर्षं माझ्या घरी जेवलात तुम्ही," ते म्हणाले. "तिच्या फोटोखाली बसून." आणि ते दार उघडून गेले. सोलापूरला ते वेगळ्या गाडीने परतले.

*

चौथ्या दिवशी अक्कलवाडे तिच्या घरी आले. बरोबर कुणी नव्हतं. नोंदीत काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं, पण त्या दिवशी फोनवर आपण काय बोललो ते त्यांना पक्कं माहीत होतं. रेणुकाचा चेहरा पाहून उरलेलं त्यांनी ओळखलं.

"ऐकलंस ना?" ते म्हणाले. "आता शहाणी हो. अर्ज मागे घे."

"आणि सहीचं काय?"

"सही सहीच्या जागी राहू दे. जाळी दाबली कुणी? फिटरच्या माणसांनी. फिटरने तुला सांगितलंच नाही, तुला वरनं दिसलं नाही, मला तर काहीच माहीत नाही. तू सुटशील, मीही सुटेन."

"इस्माईलने सांगितलं होतं."

"इस्माईल मेलाय, रेणुका. त्याला कुठं तुरुंगात जायचंय?"

तिने त्यांना जायला सांगितलं. ते सावकाश उठले, चपला घातल्या आणि उंबऱ्यावरून म्हणाले, "माझा आवाज नाही त्यात. फोन तुझ्या कानाला होता. त्या दगडाला फक्त तू ऐकू आलीस. ते तू कोर्टात वाजवलंस तर देगावकर तुला उभी सोलेल, आणि मी मागच्या बाकावर बसून बघेन."

ते बोलले ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ती दोन दिवस घराबाहेर पडली नाही. तिचा मोठा भाऊ सोलापुरातच चादरींचा कारखाना चालवायचा. तो येऊन म्हणाला, "मागे घे गं. तुझ्या तुरुंगात जाण्याने ती पोरगी परत येणार आहे का? आईला काय सांगू मी?" ती म्हणाली, "आईला सांग, मी 'ओता' म्हटलं होतं." भाऊ म्हणाला, "मग आजपासून आमच्या घरी येऊ नकोस. मला दोन मुलींची लग्नं करायचीत." तो खरंच पुन्हा आला नाही.

आठवा दिवस उलटला. अर्ज तिने मागे घेतला नाही. यात मोठेपणा वगैरे नव्हता. स्वतःची तिला शिसारी आली होती आणि अक्कलवाडेंची त्याहून जास्त. त्या दोन्ही गोष्टी एकाच बाजूला ओढत होत्या, एवढंच.

*

नोंद कोर्टात वाजली तेव्हा देगावकरांनी डोळे मिटून ऐकलं. मग ते उलटतपासणीला उभे राहिले.

"हा आवाज तुमचा?"

"हो."

"'ओता' हा शब्द तुम्ही उच्चारलात?"

"हो."

"एकदा?"

"दोनदा."

"कुणी तुमचा हात धरला होता?"

"नाही."

"नोकरी सोडून खाली येता आलं असतं?"

"आलं असतं."

"म्हणजे या कोर्टासमोर तुम्ही शपथेवर खोटं सांगितलंत. एका मेलेल्या मुलीच्या बापाला शेजारी बसवून खोटं सांगितलंत."

"मला तसंच आठवत होतं," रेणुका म्हणाली. "मी खोटं बोलत होते, पण मला ते माहीत नव्हतं. तुम्ही म्हणताय त्याहून हे वाईट आहे. लिहून घ्या."

देगावकरांना हे अपेक्षित नव्हतं. आरडाओरडा, रडणं, इन्कार, या सगळ्याची त्यांची तयारी होती. "आणि हे जे 'साहेब' आहेत," ते म्हणाले, "त्यांचा एकही शब्द कुणाला ऐकू आला नाही. ते कुणीही असू शकतात."

सरकारी वकिलांनी तो धागा उचलला. त्यांनी रेणुकाला विचारलं, "प्रत्येक वाक्याच्या आधी समोरून काय बोललं गेलं, ते सांगू शकाल?"

"'नाही, म्हणजे' पर्यंत सांगू शकेन. पुढचं आठवत नाही, आणि जे आठवत नाही ते मी आता सांगणार नाही." तिने सांगितलं. गाड्या कुठे आहेत हे त्यांनी विचारलं. दोन तास थांबलो तर माल मरेल म्हणाले. फिटर सांगणार आणि तू ऐकणार का, म्हणाले. तुला जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस, म्हणाले. आणि साइटवर 'साहेब' एकालाच म्हणत. ते मागच्या बाकावर बसलेत.

अक्कलवाडे बाकावर बसूनच ओरडले, "हरामखोर बाई, माझं मीठ खाऊन..." देगावकरांनी वळून त्यांना हाताने गप्प केलं, पण न्यायाधीशांची लेखणी चालली होती.

निकालपत्रात न्यायाधीशांनी लिहिलं, की पहिल्या आरोपीने स्वतःविरुद्ध काहीही राखून ठेवलेलं नाही. म्हणून दुसऱ्या आरोपीविषयीचं तिचं सांगणं नोंदीतल्या रिकाम्या जागांशी ताडून पाहता विश्वासार्ह वाटतं. इस्माईल शेख याचा कोणताही दोष नाही, हे त्यांनी वेगळ्या परिच्छेदात लिहिलं. रेणुकाला तीन वर्षं, अक्कलवाडेंना पाच. अक्कलवाडेंनी अपील केलं आणि चाळिसाव्या दिवशी जामिनावर घरी आले. रेणुकाने अपील केलं नाही.

पोलिसांच्या गाडीत बसण्याआधी कोर्टाच्या व्हरांड्यात तिला तोळनुरे सर दिसले. ती दोन पावलं पुढे गेली. सर म्हणाले, "निकाल बरोबर आहे. आता माझ्यासमोर येऊ नका." ती थांबली. त्यानंतर ते दोघं कधी भेटले नाहीत.

*

ती सुटली तोपर्यंत बांधकामाचा धंदा बदलला होता. शुभ्रकमलच्या निकालाने बिल्डर एक गोष्ट शिकले. ती जाळीविषयी नव्हती. स्लॅबच्या दिवशी साइटवर कुणी बोलायचं नाही, एवढंच ते शिकले. गेटवर पाट्या लागल्या. मुकादमांना हातवारे शिकवण्यात आले. इंजिनिअर मोबाइलवर चार शब्द टाइप करून समोर धरत आणि लगेच पुसून टाकत. ज्याच्या तोंडून शब्द गेला त्याला दुसऱ्या दिवशी काम नसे. कायद्याने दाणे काढता येत नव्हते, म्हणून माणसांचे आवाज काढले होते. बाल्कन्या पडायच्या थांबल्या नव्हत्या. त्यांच्या नोंदींत आता नुसती पावलं असत.

रेणुकाचा परवाना रद्द झाला होता. ती अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवायची. एका दुपारी शिकवणीहून परतताना होटगी रस्त्यावर एका इमारतीचा स्लॅब चालू दिसला. पंप घरघरत होता, पन्नास माणसं काम करत होती आणि माणसाचा आवाज एकही नव्हता. ती न थांबता पुढे गेली असती. पण नजर सवयीने खाली, टेकूंकडे गेली. ओला स्लॅब ज्या लोखंडी टेकूंवर उभा होता त्यांची एक ओळ ताज्या भरावावर होती. तो भराव गळणाऱ्या पाण्याने भिजला होता. कडेचा टेकू जमिनीत रुतला होता, आणि त्याचं वरचं टोक फळीपासून सुटलं होतं. बोटभर फट स्वच्छ दिसत होती.

टेकूजवळ टेकू-फळ्या बसवणारा एक सेंटरिंगवाला उभा होता. त्यालाही फट दिसत होती. त्याने रेणुकाकडे पाहिलं, फटीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

रेणुका गेटमधून आत शिरली. वॉचमन मागे धावला, पण तोवर ती जिन्यावर होती. वर सकाळी ओतलेला अर्धा स्लॅब तापून घट्ट होत आला होता. त्याच्या कडेच्या फळीवर ती उभी राहिली आणि वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलली.

"माझं नाव रेणुका चिलवेरी. आज चार मार्च, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. पूर्वेकडच्या ओळीचा कडेचा टेकू रुतलाय. वर बोटभर फट आहे. खाली भराव ओला आहे. पंप बंद करा आणि खालची माणसं बाहेर काढा. हे मी इथल्या इंजिनिअरला सांगतेय."

साइटवरची सगळी माणसं जागच्या जागी थांबली. तरुण इंजिनिअर धावत आला. रागाने त्याचे ओठ थरथरत होते, पण ते मिटलेलेच राहिले. त्याने मोबाइलवर काहीतरी टाइप करून तिच्या डोळ्यांसमोर धरलं. *बाहेर हो, हलकट.*

"मला वाचता येत नाही," ती मोठ्याने म्हणाली. "बोला."

दोघांनी तिला दंडाला धरून खाली ओढत नेलं. जिन्याच्या पायरीवर तिचं कपाळ आपटलं. पण पंप बंद झाला होता. ऐकून घेतलं म्हणून नव्हे, ते आता काँक्रीटमध्ये गेलं होतं म्हणून. तिला गेटबाहेर ढकललं तेव्हा आतून माणसं भरावावरून बाहेर येत होती, आणि सेंटरिंगवाला नवा टेकू खांद्यावर घेऊन निघाला होता.

कंपनीने त्याच संध्याकाळी तिच्यावर फिर्याद केली. बेकायदा प्रवेश आणि कामात अडथळा. तीन महिन्यांनी ती पुन्हा आरोपी म्हणून उभी राहिली. या वेळी मॅजिस्ट्रेटसमोर, वकिलाशिवाय. कंपनीचा वकील घाईत होता. मधल्या काळात कुणीतरी त्याच्या लक्षात आणून दिलं असावं, की ही बाई आत येऊन ओरडली हे सिद्ध करायचं तर त्या स्लॅबची नोंद ऐकावी लागेल, आणि नोंद ऐकली तर ती काय ओरडली तेही ऐकावं लागेल.

"फिर्यादी कंपनीला तक्रार मागे घ्यायची आहे," तो म्हणाला. "बाईंचं वय, मागचं सगळं, बघता... कंपनी मोठ्या मनाने सोडून द्यायला तयार आहे."

मॅजिस्ट्रेटनी कागद पुढे ओढला. "ठीक आहे. आरोपीची काही हरकत?"

"आहे," रेणुका म्हणाली. "मला गुन्हा कबूल आहे. मी काय बोलले ते स्लॅबमध्ये आहे. ते आधी ऐका, मग शिक्षा द्या."